विहारातला सांता

"मी सांता होणार," मैत्रीनं जेवता जेवता जाहीर केलं, आणि केशरबाईंचा घास हातातच राहिला.

सोसायटीच्या नाताळाच्या कार्यक्रमासाठी मुलांची निवड झाली होती, आणि "हो हो हो" सगळ्यात मोठ्यानं त्यांची नातच ओरडली होती. दुसरीतली पोर, पण आवाज असा की खांदेश्वर स्टेशनवर उभी केली तर भोंग्याची गरज नाही. ह्याच आवाजाच्या भरवशावर केशरबाईंनी विहारातल्या महिला मंडळाला शब्द दिला होता की, पंचवीस डिसेंबरला, स्त्रीमुक्ती दिनाला, माझी मैत्री भाषण करील. केशरबाई महाडकडच्या. बाबासाहेबांनी पंचवीस डिसेंबरला मनुस्मृती जाळली ती महाडात, हे त्या अशा सांगत की जणू काडेपेटी त्यांच्याच घरून गेली होती. आणि त्याच दिवशी घरची पोर कापसाची दाढी लावून नाचणार?

"सांताबिंता काही नाही," त्या म्हणाल्या. "तो देव आहे कुणाचा तरी. आपल्यात देव नाहीत."

"मग मी भाषणपण नाही करणार."

"आई, देव कसला? मॉलमधला माणूस आहे तो," मुलगा अभय हसत म्हणाला. "आणि बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत सांताचं नाव कुठाय, दाखव मला."

"तू वकिली नको करू. भात घे."

पण केशरबाईंची सगळी नोकरी बेलापूरच्या सरकारी कचेरीत गेलेली. चौकशी न करता निर्णय द्यायचा, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. नाताळ हा धर्माचा सण असेल तर सांता नाही. नसेल तर पोरीचं मन कशाला मोडायचं? आणि भाषण तरी कशाला घालवायचं? मंडळात काय तोंड दाखवणार?

पहिले सापडले सोसायटीचे सेक्रेटरी हौसेराव. मूळचे साताऱ्याचे. लॉबीत प्लॅस्टिकच्या झाडावर कापूस भुरभुरत उभे होते.

"धर्म? छ्या!" ते म्हणाले. "धर्मबिर्म काय नाय, केशरताई. झाड, केक, फोटो. पोरं खूश, आपन बी खूश. केक बिनअंड्याचा सांगितलाय, काय टेन्शन घिऊ नका."

"बिनअंड्याचा का?"

"मार्गशीर्ष हाय न्हवं!"

केशरबाई लिफ्टमध्ये शिरल्या आणि वर जाईपर्यंत एकच विचार करत राहिल्या. धर्म नाही, तर मग अंडं कुणी काढलं?

दुसऱ्या दिवशी त्या मालतीबाईंकडे गेल्या. मालतीबाई कचेरीतली जुनी मैत्रीण, पलीकडच्या बिल्डिंगीत तळमजल्याला राहणारी. केशरबाईंच्या ओळखीत घरी खरोखरचा नाताळ होणारी ही एकटीच. त्या करंज्या तळत होत्या.

"मालती, नाताळ धर्माचा सण आहे का गं?"

मालतीबाईंनी झारा तसाच वर धरला. "मी तुला विचारलं का कधी, बुद्धपौर्णिमा कसली सुट्टी म्हणून?"

"चिडू नको. नातीचा प्रश्न आहे." आणि केशरबाईंनी सगळं सांगितलं.

मालतीबाई हसल्या. "माझ्यासाठी आहे बाई धर्माचा. सकाळी चर्चला जाते, येशूच्या जन्माचं गाणं सुरू झालं की दर वर्षी रडते. दर वर्षी! पण सांता आमच्या घरात कधी आलाच नाही. आमच्या नगरकडच्या गावात नाताळ म्हणजे नवं लुगडं, करंज्या आणि ढोलकीवर भजन. तो दाढीवाला मी पहिल्यांदा वाशीच्या मॉलात बघितला."

"म्हणजे सांता चालेल?"

"चालेल की. पळेलसुद्धा." त्यांनी करंजी उलटली. "गेल्या वर्षी मलाही बोलावलं होतं तुमच्या लॉबीत. म्हटलं, एक गाणं म्हणते, आमच्या येशूचं. तर सेक्रेटरी म्हणतात, मॅडम, नको, धार्मिक होईल."

केशरबाईंना आधी हसू आलं, मग ते विरलं. "तुझा सण, आणि तुलाच..."

"असू दे. करंजी खा. गरम आहे, जपून."

तर सांताला परवानगी मिळाली. अट एकच: दाढी लॉबीत ठेवून विहारात यायचं.

पंचवीस तारखेला केक उशिरा आला, मग पाहुणे उशिरा आले, मग पाहुण्यांना पुन्हा केक कापायचा होता. कार्यक्रम आटपला तेव्हा विहारात वंदना सुरू व्हायची वेळ झाली होती. केशरबाईंनी नातीची दाढी धरून ओढली. मैत्री किंचाळली. हौसेरावांच्या सत्यभामावहिनींनी दाढी पडू नये म्हणून कसल्याशा डिंकानं जी चिकटवली होती, ती गालासकट यायला बघत होती.

"राहू दे," केशरबाई म्हणाल्या. "रिक्षा!"

विहारात पांढऱ्या साड्यांच्या रांगा. त्यातून लाल झगा आणि पांढरी दाढी चालत आली, तशा सगळ्या माना वळल्या. दत्तूभाऊ, विहाराचे अध्यक्ष, लगबगीनं पुढे आले.

"केशरताई, हे काय? आज? इथं?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "पोरीला घरी न्या. लोक काय म्हणतील?"

केशरबाईंना क्षणभर वाटलं, न्यावं. इतक्या वर्षांची आपली पत एका कापसानं जाईल. मग त्यांनी मैत्रीकडे पाहिलं. दाढीच्या वर दोन डोळे, आणि त्या डोळ्यांत पाणी.

"दत्तूभाऊ," त्या म्हणाल्या, आणि आवाज दबका ठेवायला विसरल्या, "बाईनं काय घालावं ते दुसऱ्यानं ठरवायचं नाही, म्हणूनच आजचा दिवस आहे ना?"

मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. दत्तूभाऊंनी डोकं खाजवलं आणि माइक खाली करून दिला.

मैत्री माइकपुढे उभी राहिली. "हो हो..." ती सवयीनं म्हणाली, दचकली, आजीकडे बघितलं. "जय भीम!"

विहार हसत हसत ओरडला, "जय भीम!"

मग भाषण झालं. मध्ये कापूस तोंडात गेला, तो थुंकून पुढचं झालं. एक वाक्य ती दोनदा बोलली, कारण पहिल्यांदा टाळ्यांत बुडालं होतं. खाली उतरली तेव्हा दत्तूभाऊंनीच तिला चॉकलेट दिलं. "सांताला कोण देतं का गं कधी?" ते म्हणाले.

घरी जायच्या आधी केशरबाई तिला मालतीबाईंकडे घेऊन गेल्या. मालतीबाई पोट धरून हसल्या, मग खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसल्या आणि दाढी भिजवू लागल्या.

"दुखतंय," मैत्री कुरकुरली.

"मालती," केशरबाई म्हणाल्या, "ते गाणं म्हण ना. लॉबीत राहिलेलं."

"तुला चालेल?"

"मी कुठं म्हणतेय? तू म्हण."

मालतीबाईंनी हलक्या आवाजात सुरू केलं. गोठ्यातल्या बाळाचं साधं गाणं होतं, अंगाईसारखं. त्या चालीत बोटं फिरत राहिली, कापूस सुटत राहिला, आणि मैत्री ओरडायला विसरली.

केशरबाईंनी हात जोडले नाहीत. पण ताटातली करंजी उचलली होती, ती गाणं संपेपर्यंत तोंडात घातली नाही.