कपभर चहा

कार्पेट धुण्याचा धंदा माझा, व्हॅनही माझीच. पण स्वॉन्झीच्या त्या दुकानातला विक्रेता मशीन दाखवत होता माझ्या नवऱ्याला.

"साहेब, याची ताकद बघा! कसलाही डाग असो, एका फटक्यात साफ!"

"मला सांगा. काम मी करणार आहे," मी म्हणाले.

"हो का मॅडम? मग तुमच्यासाठी ते छोटं गुलाबी आहे ना!" तो हसला. माझा नवरा एमरिसही हसला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या वेल्समध्ये गिऱ्हाइकाला आधी चहा पाजतात, मग माल गळ्यात मारतात. त्याने दिलेला दुधाचा कडक चहा माझ्या हातात तसाच होता. तो मी त्याच्या दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र कार्पेटवर सरळ ओतला.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"लोकांच्या घरी हेच सांडतं. काढा आता, एका फटक्यात."

"ग्लेनिस, अगं शोभतं का हे?" एमरिस पुटपुटला.

"तू गप्प बस. मघाशी हसलास तेवढं पुरे."

मशीन विक्रेत्याच्या हाताशीच सुरू होतं. तो मात्र फडकं आणायला आत पळाला.