फिंटन लूबीची उचकी

फिंटन लूबीची उचकी शिकायला लोक जपानहून येतात. थट्टा नाही करत. दर उन्हाळ्यात आमच्या कारनमोर गावात संगीत सप्ताह भरतो, तेव्हा पाठीवर फिडल, म्हणजे व्हायोलिनच, अडकवलेली ही शहाणीसुरती माणसं पावसात भिजत रांग लावतात, कशासाठी, तर उचकीसाठी.

उचकी म्हणजे, त्याची ती नावाजलेली नाचाची चाल आहे ना, तिच्या दुसऱ्या कडव्यात मध्येच फिडल अडतं. श्वास घेतल्यासारखं क्षणभर थांबतं आणि मग दुप्पट जोमाने पळतं. पेपरवाल्यांनी तिला लूबीची उचकी असं नाव दिलं. त्या एका उचकीवर माणसाने सगळी कारकीर्द उभी केली.

ती चाल माझ्या वडिलांनी बांधली होती.

मी डिंपना, आणि माझे वडील मॅलकी गिलडे. ते कॉन्सर्टिना वाजवायचे, म्हणजे दोन हातांत मावणारी छोटी पेटी, दोन्ही टोकांना बटणं आणि मध्ये भाता. मी लहान असताना फिंटन आमच्या स्वयंपाकघरात पडीक असायचा. माझी आई ब्रीडी, तिच्या हातचा सोडा ब्रेड, त्यावर बोटभर लोणी, आणि टेबलावर त्याचा टेपरेकॉर्डर. "मॅलकीकाका, अजून एक," करत बसायचा. आईने त्याला पोटच्या पोरासारखं खायला घातलं. मग तो डब्लिनला गेला, त्याची सीडी निघाली, आणि त्यावर ती चाल होती. नाव दिलं होतं 'लूबीची झेप'. झेप म्हणे.

आमच्याकडे एक रीत आहे. पबमध्ये चार माणसं वाजवायला बसली आणि एखाद्याने नवी चाल वाजवली, की बाकीचे विचारतात, "कुणाकडून आली?" मग त्याने नाव घ्यायचं. अमक्याकडून, तमक्याच्या आजीकडून. कागदबिगद काही नसतो, ते नाव घेणं हाच काय तो मान. बाकी काहीही विसरलं तरी चालतं, नाव विसरलेलं चालत नाही.

आणि त्याच पबमध्ये एका संध्याकाळी डॅडींनी स्वतःची चाल वाजवली, तर डब्लिनहून आलेला एक पाहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "छान वाजवलंत आजोबा, पण लूबीची उचकी काही जमली नाही तुम्हाला. आणि दुसऱ्याची चाल घेतली की त्याचं नाव घ्यावं माणसाने."

डॅडी आजोबा नव्हते हो तेव्हा. केस सुद्धा पिकले नव्हते. मी शेजारीच संत्र्याचं सरबत पीत बसले होते. त्यांनी पेटी डब्यात ठेवली, कडी लावली, कोट घातला. त्यानंतर चार लोकांत ते कधी वाजवायला बसले नाहीत. आई गेली त्या दिवशी सुद्धा नाही. मी कधी विषय काढलाच तर म्हणायचे, "सोड गं. चाल वाजतेय ना, झालं." मला नाही सोडता येत. मी आईवर गेले आहे.

आता मी इथल्या हॉलमध्ये मोठ्या माणसांना वाजवायला शिकवते. माझ्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर आहे. कसलंही रेकॉर्डिंग त्यात टाकावं आणि वेग उतरवावा. सूर तोच राहतो, गाणं मात्र मुंगीच्या पावलांनी चालायला लागतं. मग बोटं कुठे वळली, गज कुठे फिरला, सगळं उघडं पडतं. निवृत्त पोस्टमन आणि दंतवैद्य असले विद्यार्थी, त्यांना याच्याशिवाय गत नाही. या कामात माझा हात बसलाय म्हणून संगीत सप्ताहात मोठे कलाकार शिकवायला येतात, तेव्हा यंत्रापाशी मलाच बसवतात. फिंटन लूबीच्या वर्गालाही. आजवर दरवर्षी मी दातओठ खात त्याची उचकी ताणून दाखवत आले होते.

मग बॉस्टनची आमची डीलियाआत्या वारली, आणि तिच्या मुलाने एक खोकं पाठवलं. आत कॅसेटी. डॅडींना पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून ते बहिणीला कॅसेट भरून पाठवायचे, घरच्या बातम्या आणि दोनचार चाली. त्यातल्या एकीवर आत्याने 'बिघडलेली' असं लिहून ठेवलं होतं. लावली तर नुसती चिमण्यांची चिवचिव.

पण माझं कामच हे. भरताना बॅटरी मरायला टेकलेली असली की टेप रेंगाळत फिरते, आणि पुढे धड यंत्रावर लावली की सगळं पिसाटासारखं पळतं. मी ती लॅपटॉपवर घेतली आणि वेग उतरवत गेले. या वेळी सूरही खाली येऊ दिला. उतरवता उतरवता चिवचिव थांबली आणि माझे डॅडी बोलायला लागले. तरणे, हसरे. मला तो आवाज आठवतही नव्हता.

"डीलिया, शनिवारी चर्चमध्ये डिंपनाचं पहिलं कम्युनियन. आपल्या आईने तिला असला झगा शिवलाय, कोबीच दिसते पोरगी. बरं, ही एक नवी चाल ऐक. कालच बांधली. भाता फाटलाय, ब्रीडीने त्याला जखमेची पट्टी चिकटवलीय. दुसऱ्या कडव्यात हवा संपते, मध्येच थांबून भरून घ्यावी लागते, तेवढं चालवून घे."

मग ती चाल. आणि नेमक्या त्या जागी भाता फुस्स करून हवा ओढतो, अन् पुढे पळतो. मग एक कोवळा, लाडावलेला आवाज, "मॅलकीकाका, परत वाजवा ना. कुणाकडून आली ही?"

"कुणाकडून नाही रे फिंटन. माझीच आहे."

मी खुर्चीत बसून रडले, आणि रडून झाल्यावर माझं पित्त खवळलं. फाटक्या भात्याची धाप ती. फिडलला कुठली आलीय हवा भरायची गरज? या मूर्खाने चालीबरोबर पट्टीही उचलली, आणि जपानी बिचारे ती चिकटपट्टी शिकायला येतात. मी ठरवलं, याची जिरवायची, आणि चारचौघांत जिरवायची. डॅडींना तोंडघशी पाडलं होतं ना, तसंच.

मी कुणालाच बोलले नाही. डॅडींनाही नाही. ते गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात असतात, त्यांनी परत "सोड गं" म्हटलं असतं.

फिंटनच्या वर्गाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. गळ्यात मफलर घालून साहेब आले. "काय गं डिंपना, मॅलकीकाका बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुझी आठवण काढतात," मी म्हटलं.

त्याने चाल वाजवली, टाळ्या घेतल्या, मग माझ्याकडे मान उडवली. "आता आमची उचकी जरा सावकाश ऐकव लोकांना." मी त्याची सीडी निम्म्या वेगावर लावली. तो डोळे मिटून सांगत होता, "एकदा मी कड्यावर एकटा उभा होतो. लाट मागे सरते ना, तेव्हा समुद्र श्वास घेतो. तो श्वास या चालीत आहे." लोक लिहून घेत होते.

"माझ्याकडे याचं अजून एक जुनं रेकॉर्डिंग आहे. लावू?" मी विचारलं.

"लाव की," तो म्हणाला. जुनं म्हणजे त्याचंच असणार, एवढा भरवसा.

मी डॅडींना लावलं. आधी कोबीचा झगा, तेव्हा लोक हसले. मग फाटका भाता, ब्रीडीची पट्टी. हसू थांबलं. मग चाल, आणि ती जागा आली तशी मी वेग उतरवला, सगळ्यात खाली. भात्याने हवा ओढली ती अशी लांबलचक, की पट्टीची करकर शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली. फिंटनने डोळे उघडले होते. मी वेग पूर्ववत केला, आणि त्याचाच कोवळा आवाज हॉलभर झाला. 'कुणाकडून आली ही?'

चेहरा कागदासारखा झाला त्याचा. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी माइक घेतला. "रीत आहे म्हणून विचारते. चाल कुणाकडून आली, फिंटन?"

"अगं, ते दिवसच वेगळे होते," तो म्हणाला. "चाली काय, वाऱ्यावर असतात. सगळ्यांच्याच असतात त्या."

पुढच्या रांगेत एक जर्मन बाई होती, वही पेन घेऊन, अगदी मन लावून बसलेली. तिने हात वर केला. "हो, पण कुणाकडून? मला लिहायचं आहे."

तो शेवटी मफलरशी चाळा करत म्हणाला, "मॅलकी गिलडेंकडून."

"आणि उचकी?"

"ती पण."

माझं यंत्र हे सगळं भरून घेत होतं. मी ते मुद्दामच सुरू ठेवलं होतं.

तिथून सरळ वृद्धाश्रमात गेले. चहाची वेळ होती. डॅडी खिडकीशी बसून बिस्किट बुडवत होते. त्यांच्या कानांना हेडफोन लावले, म्हटलं, "डॅडी, रागवू नका, पण हे ऐका." अन् लावलं. 'मॅलकी गिलडेंकडून. आणि उचकी? ती पण.'

बिस्किट चहात पडलं.  मला वाटलं, आता म्हणतील, सोड गं.

"परत लाव," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं का?"

"आलं की. हळू लाव."

मी निम्म्या वेगावर आणलं. फिंटनचा आवाज ओढल्यासारखा आला, एकेक अक्षर वेगळं. डॅडींनी डोळे मिटले. मांडीवर त्यांची बोटं हलत होती, बटणं दाबल्यासारखी.

"अजून हळू," डॅडी म्हणाले.