योर्मासाठी राखलेला ठोका

गाडीच्या इंजिनातून ठोके ऐकू यायला लागले, तेव्हा हिल्काला आनंदच झाला. दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावून बसलं असतं. हांकाकांगासच्या वाळूच्या खाणीत ती सरावाच्या फेऱ्या मारत होती. वळणातून बाहेर पडताना इंजिनाच्या पोटातून जाड, बोथट आवाज आला. टक्, टक्, टक्. वेग वाढवला की ठोकेही घाई करायचे. तिने गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि तिच्या तोंडून एकच नाव निघालं. "योर्मा."

त्या भागातल्या रविवारच्या शर्यतींचा एक नियम आहे. शर्यत संपली की परवाना असलेल्या कुणीही दुसऱ्याच्या गाडीवर चिठ्ठी टाकावी आणि ठरलेल्या मामुली किमतीत ती घेऊन जावी. मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं, तर त्याचाच परवाना जातो. चिठ्ठ्या जास्त आल्या तर डब्यातून एक उचलतात. कुणी आपल्या गाडीवर वारेमाप पैसा ओतू नये, साध्या माणसांनाही शर्यत खेळता यावी, म्हणून हा नियम. योर्मा पेल्तारीने त्याचं हत्यार करून टाकलं होतं.

योर्माचे लाकडाचे ट्रक होते. हिल्काच्या घरामागचं देवदाराचं रान त्याला हवं होतं आणि हिल्काने आणि तिच्या नवऱ्याने, टेउवोने, ते विकायला साफ नकार दिला होता. गेल्या शरदात टेउवोला अर्धांगाचा झटका आला. तो इस्पितळात पडलेला असताना हिल्काने त्याची लाल गाडी शर्यतीत उतरवली, का, तर त्याला फोनवर आवाज ऐकवता यावा म्हणून. कित्येक हिवाळे खपून त्याने ती जोडली होती. हिल्का जिंकली. योर्माने चिठ्ठी टाकली, गाडी नेली आणि तशीच भंगारवाल्याकडे नेऊन चेपून घेतली. वर गावच्या दुकानात, सगळ्यांदेखत म्हणाला, "पत्रा चांगला निघाला हो."

टेउवो काठी टेकत घरी आला. शेडमधल्या रिकाम्या जागेसमोर बराच वेळ उभा राहिला आणि काही न बोलता आत गेला. ते न बोलणं हिल्काच्या जिव्हारी लागलं होतं.

आताची ही निळी गाडी शेजारच्या गोठ्यातून मिळालेली, पार म्हातारी. हिल्काने ती शेडमध्ये घेतली, बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. वर काही नव्हतं. खाली सरकावं तसा ठोका मोठा होत होता. मग तिने प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. तिसरी काढली आणि ठोका मंदावला.

"रॉडचं बेअरिंग!" ती ओरडलीच. "गेलंय. पुरतं गेलंय. आणखी थोडं पळवलं की दांडी इंजिन फोडून बाहेर येईल. तोवर गाडी योर्माकडे असेल."

टेउवो दाराशी खुर्चीत बसला होता. डावा हात मांडीवर निपचित, पण कान शाबूत.

"तेलाचा दाब किती दाखवतोय?"

"आहे ठीक."

"बेअरिंग गेलं तर ठीक कसा असेल? अगं, क्लच दाबून बघ एकदा."

"कशाला?"

"आवाज बदलतो का बघ. मला तो मागच्या बाजूने वाटतोय."

"तुला वाटतंय. मी कान लावून ऐकलंय."

"तू ऐकलंस ते खरं," टेउवो म्हणाला, "पण काय ऐकायचं ते आधीच ठरवून ऐकलंस."

हिल्काने क्लच दाबला नाही. तिने घट्ट तेल आणलं, त्यात ते आणखी दाट करणारं रसायन मिसळलं आणि सगळं इंजिनात ओतलं. ठोका दबला. अगदी कान देऊन ऐकलं तरच कळावं इतका. टेउवोने खुर्ची वळवली आणि अंगणाकडे तोंड करून बसला.

रविवारी हिल्काने जीव मुठीत धरून गाडी पळवली. इंजिन आत्ता फुटेल, मग फुटेल असं प्रत्येक वळणावर तिला वाटत होतं, पण अंतिम फेरीत ती पहिली आली. हेल्मेट काढलं तर समोर योर्मा. बोटांत चिठ्ठी.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "मला निळा रंग फार आवडतो. ही चेपणार नाही, मीच पळवणार."

हिल्काने तोंड जमेल तितकं पाडलं आणि किल्ली दिली. त्याची पाठ वळल्यावर टपरीवर जाऊन तिने जाडजूड सॉसेज घेतलं, त्यावर मोहरीची चटणी चोपडली आणि उभ्याउभ्याच खाल्लं. असं गोड तिला वर्षभरात काही लागलं नव्हतं. आता कधीतरी भर शर्यतीत धूर निघेल, योर्मा डोक्याला हात लावेल, सगळं गाव बघेल. ती वाट बघत राहिली.

वाट बघून बघून एका सकाळी ती पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या दुकानात गेली, तर योर्माच आत होता. तिला पाहताच त्याने कप खाली ठेवला.

"या, या! तुमचे आभार मानायचे राहिले. इंजिन ठणठणीत, मागच्या जड चाकाचे, फ्लायव्हीलचे, बोल्ट तेवढे ढिले होते हो. तेच वाजत होतं. गिअरबॉक्स उतरवलाच होता, तर नवा क्लचही टाकला. काय पळते म्हणून सांगू!" मग आवाज चढवून बाकीच्यांना म्हणाला, "आणि इंजिनात तेल कसलं होतं माहितीये? मध! मध ओतला होता वहिनींनी. मला फसवायला!"

लोक हसले. काही तिच्याकडे बघून, काही कपात बघून. हिल्काचे कान तापले. ती कॉफी न घेताच बाहेर पडली.

घरी आल्यावर तिने कोट काढला नाही. टेउवोसमोर उभी राहून म्हणाली, "बोल. बोलून टाक."

"काय बोलू? क्लचच्या पेडलवर पाय ठेवायचा होतास फक्त."

"त्याचा सत्यानाश व्हावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते रे. आणि त्याला आयती चांगली गाडी दिली."

 टेउवो तोंडाच्या चांगल्या बाजूने हसला. "चांगली गाडी दिलीस खरी. पण तो ती घेऊन शर्यतीत उतरणारच ना?"

हिल्काला एकदम तो चिठ्ठ्यांचा डबा आठवला. मग कोटाची बटणं पुन्हा लावून बाहेर पडली.

योर्माने आजवर एकट्या तिचीच गाडी नेली नव्हती. डेअरीत काम करणाऱ्या एल्वीची नेली होती, दोघा भावांची नेली होती, म्हाताऱ्या पाद्र्याच्या जावयाचीही नेली होती. हिल्का दारोदार फिरली. प्रत्येक घरी कॉफी प्यायली, प्रत्येक घरी तेलाची गोष्ट स्वतःच सांगितली, म्हणजे मागून कुणी सांगायला नको. एल्वी ऐकून पोट धरून हसली आणि म्हणाली, "हिल्काताई, चिठ्ठी काय, मी कपाटभर चिठ्ठ्या टाकते."

मोसमातली शेवटची शर्यत योर्मानेच जिंकली. गाडीच्या छपरावर चढून हात हलवत होता. खाली उतरला तेव्हा पंचांच्या टेबलापाशी रांग लागली होती. आधी त्याला कळेना. मग एकेक चेहरा ओळखीचा वाटायला लागला. रांगेत सगळ्यांत शेवटी हिल्का.

"हा कट आहे!" तो पंचांवर ओरडला.

"हा नियम आहे," पंच म्हणाले आणि त्यांनी डबा हलवला.

चिठ्ठी एल्वीची निघाली. योर्माने किल्ली मुठीत दाबून धरली. पंचांनी परवान्याची आठवण करून दिली, तेव्हा त्याने ती टेबलावर आपटली. एल्वीने ती उचलली आणि सरळ हिल्काच्या हातात ठेवली.

"पुढच्या वेळी मी परत नेईन," योर्मा दात खाऊन म्हणाला.

"न्या की," हिल्का म्हणाली. "क्लच आवडला आम्हाला. पुढच्या वेळी टायरही नवे टाका."

या वेळी लोक हसले तेव्हा कुणी कपात बघत नव्हतं. योर्मा गर्दीतून वाट काढत निघून गेला. त्याची मान खाली गेलेली हिल्काने डोळे भरून पाहिली, अगदी तो दिसेनासा होईपर्यंत.

संध्याकाळी निळी गाडी शेडमध्ये उभी राहिली. टेउवोने उजव्या हाताने बॉनेटवरची धूळ पुसली.

"मिळाली ना?" तो म्हणाला. "मग आता पुरे कर हे."

"लाल गाडी नाही मिळाली," हिल्का म्हणाली.

"ती नाही मिळायची."

"म्हणूनच म्हणते. वसंतात तो दुसरी गाडी घेऊन येईल. आम्ही तिच्यावरही चिठ्ठ्या टाकू. त्याच्या पुढच्या गाडीवरही."

टेउवोने तिच्याकडे बघितलं. रागावला नव्हता, पण हसलाही नाही. काठी उचलून तो घराकडे चालू लागला. हिल्का थोडा वेळ गाडीपाशी थांबली, मग बटाटे उकडत ठेवायला त्याच्या मागोमाग आत गेली.