गार ग्रेव्ही

इंग्लंडमधल्या ॲशबर्नजवळच्या खेड्यातला एक जुना पब दोन हजार सहा साली कोणीतरी नव्याने थाटला. नागपूरहून आलेल्या आईबाबांना मी हौसेने तिथे जेवायला नेलं. मॉडर्न ब्रिटिश जेवण म्हणे! होतं काय, तर मॅश केलेले बटाटे, त्यावर मशरूमची ग्रेव्ही आणि कडेला पुदिन्यातले वाटाणे.

पहिली प्लेट आईपुढे आली. तिने ती सवयीने बाबांकडे सरकवली. मी भडकलेच.

"आई, इथे तरी नको ना! बाबांची येतेय."

"अगं, त्यांचं झाल्याशिवाय मी कधी जेवलेय का?"

बाबांनी प्लेट परत तिच्यापुढे ठेवली. "आज तू आधी."

मग त्यांचीही प्लेट आली, तरी ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"बाबा, गार होतंय!" मी ओरडले.

"होऊ दे. आधी तिचं होऊ दे."

आई लाजत लाजत, पण चवीने जेवली. वाटाणेसुद्धा तिने वेचून संपवले. तोवर बाबांच्या ग्रेव्हीवर साय धरली होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि काटा हातात तसाच धरून ते आईकडे बघत राहिले.

"रोज हे असं गार जेवतेस होय गं?"