बगळ्याचा धडा

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकात बकाराम वीस वर्षं राजा होता, आणि वाचायला म्हणाल तर त्याला एक अक्षर येत नव्हतं. कोणीतरी नाटकाची वही वाचायची, यानं दोनदा ऐकायचं, की अख्खा प्रवेश तोंडपाठ. पार कामठ्यापर्यंत त्याचं नाव होतं, खोटं कशाला सांगा.

यंदा वही वाचणारा कैलाश नोकरीसाठी नागपूरला गेला. बकाराम म्हणाला, परका कशाला पाहिजे, माझी रेणू पाचवीत आहे. तपासणीला साहेब आले तेव्हा याच पोरीनं पुस्तक धरून धडाधड वाचलं होतं, टेकचंद गुरुजींची शाळा केंद्रात पहिली आली होती. त्या भरवशावर तर बकारामनं, रेणूला गोंदियाच्या शाळेत न्यायला आलेल्या मेहुणीला रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं.

रविवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर तालीम बसली. पेटीवर गुरुजीच होते. रेणूनं वही उघडली आणि सुरू केला बगळ्याचा धडा. तोच, साहेबांपुढचा. बोट मात्र ओळीवरून बरोबर सरकत होतं. माणसं पोट धरून हसली. बकाराम हसला नाही. ही कला त्याची स्वतःची, तो कसा फसणार?

गुरुजींनी पेटी बंद केली. तपासणीत शाळेची लाज राहावी म्हणून एकेका पोराकडून एकेक धडा घोकून घेतला होता, हे त्यांनी सरळ कबूल केलं. घरी सांगू नका, अशी पोरांना ताकीदही दिली होती.

"काऊन रागावता, बकारामभाऊ?" गुरुजी म्हणाले. "तुमीबी तं न वाचताच राजा होता ना?"

दरवर्षी नव्या धानाचे पहिले तांदूळ याच माणसाच्या घरी पोचवत आलो, हे आठवून बकारामच्या अंगाची लाही झाली.

"माह्यासारखी होऊ नोये मनून तं तुमच्या हवाली केली होती, गुरुजी."

बकारामनं वही आणि पोरगी दोन्ही उचलली आणि घरी आला. अंगणात बसवून म्हणाला, वाच, जमेल तसं वाच.

रेणूनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि सवयीनं बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली, तो म्हणेल तसं म्हणायला. बकारामला तो शब्द येत नव्हता.