बागेतला कुठला

विनीतच्या जबड्याला तारा घातल्या होत्या, त्यामुळे त्याला काही विचारण्यात अर्थ नव्हता. दातांमधून "आई, राहू दे" एवढंच म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड फिरवायचा. काय राहू दे, ते सुभद्राला कळेना. चौतीस वर्षांचा पोरगा, आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला चार जणांनी संध्याकाळी उजेड असताना बागेत सळईने मारलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं चिरडली होती. आणि इस्पितळाच्या कागदावर लिहिलं होतं, 'पडून मार लागला'.

"असं कुणी सांगितलं?" तिने नर्सला विचारलं.

"पेशंटनेच सांगितलं ना!"

तिने विनीतकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले.

कॉलिन मात्र बोलत होता. कॉलिन हा विनीतचा मित्र, दादरच्या ख्रिश्चन वस्तीतला. गणपतीत त्यांच्या भोईवाड्याच्या चाळीत यायचा, मांडी घालून मोदक खायचा, तिला मावशी म्हणायचा. तोही त्या संध्याकाळी तिथे होता. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

"मावशी, कंप्लेंट करू या. विनीत घाबरलाय, पण मी आहे ना साक्षीला. त्यातल्या एकाला मी ओळखतो. मानेवर विंचू गोंदलेला आहे. बागेसमोरच रोज उभा असतो."

पहिल्या ठाण्यात सांगितलं, बाग आमच्या हद्दीत नाही, रस्त्यापलीकडे जा. रस्त्यापलीकडच्या ठाण्यात सांगितलं, पेशंट जिथे आहे तिकडे जा.

"कुठल्याही ठाण्यात लिहून घ्यावं लागतं, सर. तसा कायदा आहे," कॉलिन म्हणाला.

"वकील आहेस?"

"नाही. बँकेत आहे."

"मग बस तिकडे."

बसले. बऱ्याच वेळाने साहेबांनी बोलावलं. माणूस काही वाईट वाटत नव्हता. पंखा मावशींकडे फिरव रे, असं त्याने हवालदाराला सांगितलं. मग कॉलिनकडे वळला.

"तुम्ही दोघं तिथे काय करत होतात?"

"बसलो होतो, सर."

"ते नाही विचारत. काय करत होतात?"

"बोलत बसलो होतो."

"काय करत होतात?"

सुभद्राला वाटलं, साहेबांना कमी ऐकू येतं की काय. ती मध्येच म्हणाली, "अहो साहेब, बागेत माणूस बसतोच की. मारणारे काय करत होते, ते विचारा."

हवालदार फस्सकन हसला. साहेबही हसले. कॉलिनची मान खाली गेली. यात हसण्यासारखं काय होतं, ते काही तिला समजलं नाही.

तेवढ्यात एक शिपाई बाई आली, नम्रता. तिने सुभद्राला बाजूच्या खोलीत नेलं, चहा दिला.

"मावशी, तुमी खंयच्या?"

"वैभववाडीचे आमी."

"मगे माझ्या आवशीकडलेच!" आईच्याच गावाकडचं माणूस भेटल्यासारखी नम्रता जवळ सरकली. "मावशी, रागाव नकात. तुमचो झील विनीत तसलो आसा, ह्या तुमका म्हायत नाय?"

"तसलो म्हंजे कसलो?"

नम्रताने दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. "ह्या पोराबरोबर आसा तो. घोव-बायल कशी आसतत, तसो."

नवरा-बायकोसारखे? विनीत आणि कॉलिन? मोदक खाणारा कॉलिन आठवला. विनीतने फोटोही न बघता नाकारलेल्या मुली आठवल्या. दोघं अलिबागला गेले होते, तेव्हा तिनेच डब्यात धपाटे दिले होते. हे खरं असेल का? असेल. आणि असलं तर? पण एक धागा हातातून सुटू नये म्हणून तिने घट्ट धरला होता. ती मारहाणीबद्दल विचारायला आली होती.

"बरां," ती म्हणाली. "मगे मारल्यानी, ता लिवतंस मां?"

"ता लिवला तर ह्या पण लिवचा लागात. चाळीत पोलीस येतले, कोर्टात सगळ्यांसमोर इचारतले. लोकांक काय सांगशात? झिलाक घराक न्हेवा. माझी आवस आसती तर तिकाय मी ह्याच सांगलंय आसतंय."

इतक्या मायेने बोलली की सुभद्रा 'देव बरे करो' म्हणून तिचे आभार मानणार होती. ओठांवर आलेले शब्द तिने मागे घेतले, आणि का घेतले तेही तिला सांगता आलं नसतं.

बाहेर आल्यावर कॉलिनने एकदम तिचं मनगट धरलं. फाटकापाशी, पानवाल्याजवळ, एक उंच तरुण बाइकवर बसून मघाच्या हवालदाराशी गप्पा मारत होता. मानेवर विंचू.

कॉलिन तिला मागे ओढत होता. ती पुढे गेली.

"बाबा, माझ्या पोराला का मारलंस रे?"

त्याने तिच्याकडे बघितलं. चिडला नाही, दचकलाही नाही. खरंच आठवत नसल्यासारख्या भुवया आवळल्या.

"कुठला?"

"बागेतला."

"बागेतला कुठला?"

तिने हवालदाराकडे बघितलं. हवालदार मोबाइलमध्ये बघत होता. तरुणाने किक मारली आणि तो निघून गेला.

सुभद्रा परत आत गेली आणि साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. शेवटी त्यांनी वैतागून 'आपसातील किरकोळ भांडण, अदखलपात्र' असं लिहून कागद दिला. "झालं तुमचं काम," ते म्हणाले.

"झालं का?" तिने बाहेर येऊन कॉलिनला विचारलं.

"नाही, मावशी. यावर त्याला कुणी बोलावणारसुद्धा नाही."

आणि कुणी बोलावलंही नाही.

विनीत घरी आला. सुभद्रा त्याला नळीने पेज पाजायची. कॉलिन रोज संध्याकाळी यायचा, खाटेच्या कडेला बसायचा. त्याला ये म्हणावं की येऊ नको म्हणावं, हे सुभद्राचं ठरत नव्हतं. एखाद्या दिवशी दार उघडल्यावर ती पाठ फिरवून आत निघून जायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्याला लावायला स्वतःच बर्फ काढून ठेवायची. विनीतला कळलं होतं की तिला कळलंय.

एकदा कॉलिन निघताना ती त्याच्यामागोमाग जिन्यापर्यंत गेली.

"तो म्हणाला, बागेतला कुठला. म्हणजे आणखी पोरं आहेत?"

"आहेत, मावशी."

"त्यांनी लिहून दिलंय?"

"नाही."

"त्यांच्या आयांना तरी माहीत आहे, पोरांना मारलंय ते?"

कॉलिन कठड्याला टेकून उभा राहिला.

"मला नाही वाटत," तो म्हणाला.