मुकादमाची उजवी बाजू

मुकादमाने स्टूल उचललं, दाराबाहेर नेलं आणि पायरीशेजारी ठेवून दिलं. सलग तिसरी सकाळ. काल-परवाही त्याने हेच केलं होतं, आणि घडीताई संध्याकाळी ते निमूट घरी घेऊन गेली होती, सकाळी परत घेऊन आली होती.

"ताई, पालथ्या घड्यावर किती पाणी ओतू मी? या खात्यात कुणी बसून काम करत नाही."

"नका ना ओतू," घडीताई म्हणाली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली.

मोठ्या धुलाईखान्यातलं ते घड्यांचं खातं. रुग्णालयांच्या चादरी धुऊन, वाळून, इस्त्री होऊन इथे यायच्या. ताईच्या हातची घडी अशी, की तिचं खरं नाव सगळे विसरून गेले होते. गेल्या वर्षी भरलेली ढकलगाडी तिच्या कमरेवर आली. हाड जुळलं, पण पाय तासाभरापुढे साथ देईना. तिने उंच स्टूल मागितलं. मुकादमाने लिहून दिलं, हे काम बसून होत नाही. त्या एका ओळीवर कंपनीने तिला महिनाअखेरीस घरी बसायला सांगितलं. ताईने कामगार कार्यालयाला एक पानभर अर्ज केला, आणि आज तिथल्या अधिकारी बाई यायच्या होत्या.

मुकादम काही दुष्ट नव्हता हो. घाबरट होता. त्याच्या डाव्या कानाने केव्हाच राम म्हटला होता, आणि ही गोष्ट त्याने जगात फक्त बायकोला सांगितली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्याने इथे एकोणीस वर्षं काढली.

"तिला बसू दिलंत तर तुमचं काय जातं?" बायकोने सकाळीच विचारलं होतं.

"आज तिचा पाय बघतील. उद्या माझा कान."

दहाच्या सुमाराला अधिकारी बाई आल्या. मुकादमाला वाटलं होतं, चांगला दोन-चार माणसांचा लवाजमा येईल. आली ती खांद्याला कापडी पिशवी लावलेली एक किडकिडीत बाई, आणि पिशवीत कायद्याचं वहीएवढं पातळ पुस्तक. पण त्या पुस्तकासाठी कंपनीचे साहेब खुर्चीतून उठले! एकोणीस वर्षांत त्याने साहेबांना कुणासाठी असं उठताना पाहिलं नव्हतं. घड्या घालणाऱ्या बाईच्या एका कागदाने हे घडवलं, याचं त्याला मनोमन नवल वाटलं.

"शरीरात काही उणं आलं म्हणून माणसाला कामावरून काढता येत नाही," अधिकारी बाई म्हणाल्या. "आधी वाजवी सोय करून बघावी लागते. बघितलीत?"

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं.

"मॅडम, चादर दोघी धरतात," मुकादम म्हणाला. "मग चालत एकमेकींकडे यावं लागतं. बसून कसं जमणार?"

"बघू या की."

पायरीशेजारचं स्टूल आत आलं. ताई बसली. समोर तिची जोडीदारीण उभी राहिली. चादर हवेत फुगली, ताणली गेली, आणि जोडीदारीण एकटीच चालत आली. ताईने जागेवरूनच कोपऱ्याला कोपरा भिडवला. दुसरी चादर. तिसरी. अर्ध्या तासात उभ्याने व्हायच्या तेवढ्याच झाल्या, वर दोन जास्त. सगळं खातं हातातलं काम टाकून बघत होतं. मुकादमाच्या तोंडून "वा!" निघून गेलं, आणि त्याने जीभ चावली.

"तरी पण मॅडम," तो घाईने म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा. या खात्यात आजवर कुणासाठी वेगळी सोय केलेली नाही."

अधिकारी बाई लिहीत लिहीत त्याच्या डाव्या अंगाला आल्या. त्यांनी काहीतरी विचारलं. मागे इस्त्रीयंत्राची घरघर चालली होती. मुकादम समोर बघत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. तो समोरच बघत राहिला.

स्टूल सरकलं. ताई उठली. त्याच्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर बसली होती ती. तिथून ती टेबलाची कड धरत, पाय ओढत, सबंध टेबलाला वळसा घालून त्याच्या उजवीकडे आली.

"मॅडम विचारतायत, खरंच कुणासाठी नाही केली?"

मुकादमाने रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, मग ताईच्या पायाकडे. तिथूनच ओरडायचं होतं हिने. एवढा वळसा कशाला घातला?

त्याने मान वर केली. खात्याची सुट्टीची घंटा उजव्या भिंतीवर होती. पूर्वी ती डावीकडे होती. वायरमनने कशासाठी तरी हलवली असेल, असं त्याला वाटलं होतं. इस्त्रीवाला त्याला कधी हाक मारायचा नाही, टॉवेल हलवायचा. चहाला बाकावर भिंतीलगतची जागा रोज त्याच्यासाठी रिकामी असायची, डावा कान भिंतीकडे राहील अशी. परवा लागलेली नवी मुलगीसुद्धा पहिल्या दिवसापासून उजवीकडेच येऊन उभी राहत होती. खात्यातली बत्तीस माणसं.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"मी लागले तेव्हापासून तरी," ताईही हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलं मला. मुकादमाशी बोलायचं तर उजवीकडून."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"त्यात काय बोलायचं?"

मग ती अधिकारी बाईंकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही मॅडम. कुणासाठीच नाही केली."

"खोटं बोलतेय ती!" मुकादम म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "केलीय. माझ्यासाठी केलीय. हा कान मेलाय माझा, आणि या सगळ्यांनी..." त्याने घंटेकडे बोट दाखवलं. "ते मी लिहून दिलेलं खोटं आहे. बसून होतं हे काम. आत्ता बघितलंत तुम्ही."

साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"आता माझं काय?" मुकादमाने विचारलं.

अधिकारी बाई टेबलाला वळसा घालून त्याच्या उजवीकडे आल्या. "तुमच्यासाठीही हेच पुस्तक आहे," त्या म्हणाल्या, आणि साहेबांकडे बघून एकदा हसल्या. साहेबांनी मान डोलावली.

त्या गेल्यावर खात्यात सगळ्यांची घाईघाईने कामं सुरू झाली. कुणी मुकादमाकडे बघेना. त्याने स्टूल उचललं. क्षणभर दाराकडे पाहिलं, मग खिडकीखालच्या जागेवर नेऊन ठेवलं. उजेड होता, वारा होता. फडक्याने त्याने तिथली जमीनही पुसली.

"तिकडे नको हो," ताई म्हणाली. "तुमची डावी बाजू ती. तिथून हाका मारून माझा घसा बसेल."

सगळं खातं खो खो हसलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते त्याच्या तोंडावर मोठ्याने म्हटलं होतं. मुकादमाने डोळे पुसले, स्टूल उचललं आणि उजवीकडे आणून ठेवलं.